सगळ्यांना पाचपैकी पाच कसे?

प्रश्न: ताई, मी सायकॉलॉजीत एमए करतेय. प्रोजेक्ट आहे निवासी मदरशातल्या मुलांचं सेल्फ-रेग्युलेशन मोजायचं, म्हणजे आपला अभ्यास आपणच सांभाळणं. इंडोनेशियातल्या पेसांत्रेनवरचे, म्हणजे तिथल्या निवासी मदरशांवरचे पेपर वाचून विषय सुचला. इथल्या एका मदरशात हिफ्जच्या, म्हणजे कुरआन पाठ करणाऱ्या ४० मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली तर जवळपास सगळ्यांनी ५ वरच टिक केलंय. गाईड म्हणतात डेटा बाद. काय करू?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर: अगं, तू मोजायला गेलीस पोरांना आणि मोजून आलीस मदरशाचं वेळापत्रक! ‘मी ठरल्या वेळी उठतो’ याला तो ५ च देणार ना, फज्रला, पहाटेच्या नमाजला, अख्खी खोली उठवतात, तो एकटा झोपून राहील कुठे. त्यात भरून घेताना उस्ताद समोर बसले असतील तर संपलंच. दोन-चार उलटी वाक्यं टाक, ‘पाठांतर मी उद्यावर ढकलतो’ असली, तिथेही ५ आले तर न वाचताच टिक मारलीय हे कळतं. बाकी एमएसएलक्यूच्या मागे लागू नकोस, १९९१ ची ती अभ्यासाच्या सवयी मोजणारी प्रश्नावली कॉलेजच्या मुलांसाठी केलेली, ८१ वाक्यं, बारा वर्षांचं पोरगं विसाव्यालाच जांभया देईल.

त्यापेक्षा आमोख्ता बघ, म्हणजे मागचं पाठ केलेलं पुन्हा म्हणून पक्कं ठेवणं. रोजचा नवा सबक, म्हणजे धडा, उस्ताद ठरवून देतात, पण मागचे पारे (कुरआनच्या तीस भागांतले) पक्के ठेवणं बरंचसं मुलाच्या हातात असतं, आणि सेल्फ-रेग्युलेशनवर काम केलेला मानसशास्त्रज्ञ झिमरमन म्हणतो ते आधी ठरवणं, करताना लक्ष ठेवणं, नंतर तपासणं हे तिन्ही तिथे दिसतं. सुनवायच्या आधी त्याला विचार, ‘या पाव पाऱ्यात किती चुका होतील?’ आकडा लिहून घे, मग ऐकणाऱ्याला मोजू दे. दोन म्हणाला आणि नऊ झाल्या, तर आपलं कुठे कच्चं आहे हेच त्याला माहीत नाही. पाच म्हणाला आणि सहा झाल्या, तो मुलगा मला जास्त तयार वाटतो, चुका झाल्या तरी. एकदाच नको हं, आठवडाभर घे. आणि जुम्याच्या, शुक्रवारच्या सुट्टीत कोण आपणहून कुरआन उघडून बसतो तेही टिपून ठेव, तेव्हा उठवायला कोणी नसतं.

आणि हो, मुलं अठराच्या आतली, नुसती मदरशाची परवानगी पुरणार नाही, पालकांची सही लागेल. गावी असतील तर फोनवर नीट समजावून सांग आणि फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर मागव.