रविवारी तलावात उतरू नका

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. 90 पोरंपोरी तयार आहेत, हातमोजे आलेत, नगरपंचायत दोन ट्रॅक्टर देतेय आणि येत्या रविवारी गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव ‘चकाचक’ करायचाय, असं लिहिलंस. रविवारी उतरू नका. 90 जण तर मुळीच नको.

आधी जलकुंभीचा, म्हणजे तलावावर माजलेल्या त्या तरंगत्या वनस्पतीचा, हिशेब मांड. दाट माजलेल्या जलकुंभीचं ओलं वजन चौरस मीटरला सहज 25-30 किलो भरतं. गुंठा म्हणजे सुमारे 100 चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला अडीच-तीन टन आणि एकराला 100 टनांच्या वर. तुमच्याकडे ती चार एकरांवर आहे. सकाळभरात 90 जण ओढून ओढून किती ओढतील? त्यात ती चांगल्या उबेत पंधरवड्यात दुप्पट होते. 16 वा हिस्सा मागे राहिला तरी चार दुपटींत, म्हणजे दोन महिन्यांत, तलाव पुन्हा होता तसा. त्यामुळे ‘बरीचशी काढली’ हे वाक्य या कामात फोटोपुरतंच.

करायचं ते असं. बांबू टोकाला टोक बांधून त्यांना रिकामे, झाकण घट्ट लावलेले प्लास्टिकचे डबे अडकव आणि खाली हातभर जुनं जाळं लोंबू दे. हा तरंगता बांध एका कोपऱ्याला आडवा लाव. बांधाच्या आतलं पूर्ण काढायचं, अगदी नखाएवढं रोपही ठेवायचं नाही, मगच बांध पुढे सरकवायचा. वारा तुमचा बिनपगारी मजूर आहे. दुपारी वारा सुटला की जलकुंभी कोणत्या काठाला जाऊन लागते ते चार दिवस बघ. तिथेच उभं राहून दाताळ्याने ओढा. मधल्या पाण्यात जायची गरजच पडत नाही. काढलेला ढीग पूररेषेच्या वर, कोरड्या जमिनीवर न्या. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात तो परत तलावात. वजनाचे नव्वद-पंच्याण्णव टक्के पाणीच असतं, त्यामुळे आठ-दहा दिवस उन्हात पसरून मग उचला. ट्रॅक्टरच्या खेपा किती कमी होतात बघ.

कुणीतरी तणनाशक फवारायचं सुचवेलच. नको. एकदम मेलेली जलकुंभी पाण्यातच कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. प्राणवायू सगळ्यात कमी असतो पहाटे. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर समज की वेळ थोडा आहे.

आणि नाली. बसस्टँडमागची नाली जिथे तलावात येते, तिथेच जलकुंभी सगळ्यात गर्द आहे, हे तूच लिहिलंस. मग कारण शोधायला लांब कशाला जायचं? सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे तिचं खत. नाली वळवणं नगरपंचायतीचं काम, त्याला वर्षं लागतील, पण अर्ज आजच दे. तोवर नालीच्या तोंडाशी दगडी बंधारा घालून गाळ बसायला एक उथळ खड्डा करून घ्या आणि त्यात पाणकणीस वाढू द्या. दर उन्हाळ्यात तो खड्डा उपसावा लागेल आणि पाणकणीस कापून बाहेर न्यावं लागेल. ते झालं नाही तर खड्डा भरून जातो आणि सगळं पहिल्यासारखं तलावात.

आता ज्यासाठी हे पत्र लांबतंय ते. तलावाचा जीव मधल्या खोल पाण्यात नसतो, काठाच्या गुडघाभर पाण्यात असतो. उन्हं तळापर्यंत पोचतात तो हा पट्टा. गाद (कंद धरणारं पाणगवत), देवधान (रानटी भात), कमळ, कुमुदिनी इथेच. मासे अंडी इथे घालतात, पिलं इथे लपतात, कमळपक्षी, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी घरटी इथे बांधतात. तुमच्या गोंदियातला सारस गादीचे कंद उकरतो तोही इथेच. हा पट्टा दिसायला गबाळा असतो. चिखल, गवत, शेवाळ, डास असतील ही शंका. म्हणून ‘सुशोभीकरणा’चा पहिला घाव यावरच पडतो: दगडी भिंत, वर फरशी, रेलिंग, दिवे. भिंतीपाशी पाणी एकदम छातीभर. तिथे ना वनस्पती धरते, ना पक्षी उतरतो, ना म्हशीला चढता येतं. नगरपंचायतीचा नकाशा आला की एकच गोष्ट तपास. काठाचा उतार उभ्या एकाला आडवे पाच किंवा त्याहून सपाट आहे का? चालायची वाट करायचीच असेल तर ती पाळीवरून (तलावाच्या मातीच्या बांधावरून) किंवा पूररेषेच्या बाहेरून न्यायला सांग. यावर वाद घालावा लागला तर घाल. बाकी दहा गोष्टी सोडून दिल्यास तरी चालेल.

सफाई करतानाही हाच धोका. उत्साही पोरं काठाचं ‘गवत’ उपटतात आणि जलकुंभीबरोबर गाद-देवधानही जातं. म्हणून आधी ढिवर (मासेमार) मोहल्ल्यातल्या दोन जाणत्या बायकांना घेऊन काठाने एक फेरी मार. कुठली वनस्पती काय नावाची, कुठली ठेवायची, हे त्या चालता चालता सांगतील. ठेवायच्या पट्ट्यांना चिंध्या बांधून ठेव.

बेशरमाचं, म्हणजे काठावर माजणाऱ्या त्या झुडपाचं, वेगळं. ती कापायची नाही, उपटायची. कापलेली कांडी ओल्या मातीवर पडली की तिला मुळं फुटतात आणि एका झुडपाची दहा होतात. माती ओलसर असते तेव्हा मुळासकट निघते; पाणी जसं मागे सरेल तसतसं, आता माघापासून चैत्रापर्यंत, तिच्या मागे लागा. मुळं वर करून खडकावर वाळत टाका. जनावरं शक्यतो तिला तोंड लावत नाहीत, पण चारा नसला की शेळ्या खातात आणि रोज खाल्लं तर विषबाधा होते. त्यामुळे ढीग चरायच्या जागी नको. मे महिन्यात त्या भागाची जमीन नांगरून घेतली की राहिलेली मुळं उन्हात येतात.

नांगरलेल्या त्या जमिनीत लागवड होते. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर मंडळींनी याच वाटेने तलाव परत उभे केलेत: आधी बेशरम काढली, मग तळ नांगरला, मग स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि मासळी परत आली. तुला एसटीने जाऊन यायला एक दिवस पुरेल, जाऊन ये. रोपं शेजारच्या चांगल्या तलावातून आणायची, रोपवाटिकेतून नाही, कारण तिथून हमखास भलतंच काहीतरी येतं. पहिल्या पावसानंतर तळात वीतभर पाणी साचलं की गादीचे ठोंब हातभर अंतरावर लावा. हायड्रिलासारख्या बुडालेल्या वनस्पतींच्या वीतभर कांड्या आठ-दहा एकत्र करून चिखलाच्या गोळ्यात रोवा आणि कमरेएवढ्या पाण्यात सोडा. पहिलं वर्ष जनावरांपासून आणि ग्रास कार्पपासून जपायचं, बांबूच्या ताटीने. ग्रास कार्प हा मासा हिरवं ते सगळं फस्त करतो. तो सोडलेला असेल तर लागवड म्हणजे त्याला जेवण वाढणं.

मासेमारीचा ठेका ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे असेल. त्यांना विचारल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. ही फक्त रीत म्हणून सांगत नाही. बीज कधी सोडलं, जाळी कुठे लावली, डोह कुठे आहे, कुठल्या जागी पाय रुततो, हे त्यांनाच माहीत. कोणी थाई मांगूर सोडायची भाषा केली तर मात्र त्याच बैठकीत थांबवा. त्यावर बंदी आहे, तो बाकी मासे खाऊन टाकतो.

गाळाबद्दल विचारलंस. एक एकरात एक फूट गाळ म्हणजे 43,560 घनफूट, म्हणजे 435 ब्रास. एका ट्रॉलीत ब्रासभर धरलं तरी 435 खेपा. लोकवर्गणीच्या पावत्या छापण्याआधी हा आकडा बैठकीत फळ्यावर लिही. परवानगी ज्याचा तलाव त्याची. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे मामा तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात. जेसीबी आला की चालकाजवळ तुमचा एक माणूस दिवसभर उभा पाहिजे, नुसता बघायला. काळा, भुसभुशीत गाळ संपून पिवळी, चिकट माती लागायला लागली की थांबायचं. त्या चिकण मातीनेच पाणी धरलंय. ती फोडून मुरूम दिसला की तलाव पुढच्या वर्षी दिवाळीलाच आटतो, आणि गाव म्हणतं पाऊस कमी झाला. पाळीच्या पायथ्यापासून 15-20 मीटर अजिबात खोदायचं नाही. सगळा तळ एकसारखा ताटासारखा करायचा नाही. मधे डोह करा, काठाचा पट्टा जसाच्या तसा राहू द्या. गाळ त्याच दिवशी शेतात गेला पाहिजे. काठावर रचलेला गाळ म्हणजे श्रावणात परत तलावातला गाळ.

पाळीकडे कोणी बघत नाही, म्हणून ती तुझी. पावसाळ्यात दर आठवड्याला पाळीच्या बाहेरच्या बाजूने पायथ्याने चाल, वरून नको. ओल असते, तिला घाबरू नकोस. पाणी झिरपत असेल तर तिथे लिटरची बाटली धर आणि ती किती सेकंदांत भरते ते लिहून ठेव. पाणी स्वच्छ आणि वेळ तीच, तर लक्ष ठेव. पाणी गढूळ यायला लागलं तर आतली माती वाहतेय. त्याच दिवशी, रात्र असली तरी, विभागाच्या अभियंत्याला आणि तहसीलला कळव आणि खालच्या वस्तीला सांग. खेकड्यांची, घुशींची बिळं उन्हाळ्यात शेवटपर्यंत खणून ओलसर चिकण मातीने भरायची, दर वीतभर थराला धुम्मस. तोंड नुसतं लिंपलं तर आत पोकळ राहते. पाळीवर वडापिंपळाची नवी रोपं लावू नका. वृक्षारोपणाला पाळच हवी असते सगळ्यांना! झाड मेलं की कुजलेल्या मुळाची नळी होते आणि पाणी वाट काढतं.

सांडव्यावर फूटभर विटा रचून ‘जास्त पाणी साठवू’ म्हणणारा एकजण प्रत्येक गावात असतो. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती काही तासांत कापली जाते. सांडवा त्यासाठीच खाली ठेवलेला असतो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून संस्था तिथे ताटी लावते, तिच्यात जलकुंभी अडकते आणि परिणाम तोच. मुसळधार पावसात दोघांची पाळी लावा, ताटी मोकळी ठेवायला. दोघांची, एकट्याची कधीच नाही, कमरेला दोर बांधून.

जुलै ते सप्टेंबर तरंगत्या वनस्पतीला हात लावू नका. पानांवर कमळपक्ष्याची अंडी असतात आणि त्यावर नर बसलेला असतो. जून मात्र सोडू नका. जलकुंभीचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं तग धरतं आणि पहिल्या पावसात नखाएवढी रोपं काठावर वर येतात. तेव्हा चार पोरांनी बादली घेऊन वेचली तर पावसाळ्यानंतरचं ट्रॉलीभर काम वाचतं.

कागदांचं थोडक्यात. 2017 च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत, त्यामुळे ‘आमचा तलाव पाणथळ घोषित करा’ एवढ्यावर विसंबू नकोस. तलाठ्याकडून सातबारा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढ. 1951 च्या सुमारास मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, पण गावाचे पाण्याचे, मासळीचे, गाळाचे, चराईचे हक्क या कागदांत नोंदलेले असतात. महसूल संहितेतली कलमं 161 आणि 165. अतिक्रमणाचा विषय निघाला की हद्दीची मोजणी भूमी अभिलेखकडून, भावनेवरून नको. नगरपंचायतीची जैवविविधता समिती आहे का ते विचार. असायलाच हवी, कागदावर तरी असेल. मग तुमच्या पक्ष्यांच्या आणि वनस्पतींच्या नोंदी लोकजैवविविधता नोंदवहीत जाऊ देत.

आता त्या 90 जणांचं. त्यांना नाराज करू नकोस, पण रविवारी सहाच बोलाव. गमबूट, पायाला जखम असलेला कोणी नाही, पोहता न येणारा पाण्यात नाही, कोणी पाण्याच्या जवळ गेलं तर टायरची ट्यूब आणि दोर काठावर. कामाची वेळ सकाळी सहा ते साडेनऊ. काम एकच, पाण्याची पातळी मोजायची पट्टी रोवणं. लोखंडी पाइप, पांढरा आणि काळा ऑइलपेंट, दोन घमेली सिमेंट एवढंच सामान. पाइपवर दर दहा सेंटिमीटरला पट्टा मारा आणि तुडुमाजवळ (पाळीतून पाणी सोडायच्या दाराजवळ) तो असा रोवा की शून्य तुडुमाच्या उंबऱ्याशी येईल. दर सोमवारी सकाळी आठला आकडा वहीत. मे महिन्यात उन्हाने रोज सेंटिमीटरभर पाणी उतरतं. तुडूम बंद असून रोज दोन-तीन उतरत असेल, तर पाळ किंवा तळ कुठेतरी गळतोय आणि तुमचं पहिलं काम जलकुंभी नाहीच.

पहिले चार सोमवार झाले की आकडे पाठव. मग दाताळी किती घ्यायची ते बोलू.

तुझा,
काका