फंडात नाव उशिरा लागले आणि मालक म्हणतात मुदत संपली, तर आईची पेन्शन बुडते का?

तुम्ही लिहिले आहे की आई वेंगुर्ल्याजवळच्या काजू कारखान्यात 2008 पासून बी फोडायला जाते, तिथे तीस-पस्तीस बायका कामाला आहेत, पण फंडात, म्हणजे भविष्य निर्वाह निधीत (पीएफ), तिचे नाव 2019 मध्ये लागले. पुढच्या वर्षी तिला 58 पूर्ण होतील आणि पेन्शनला लागणारी 10 वर्षे भरणार नाहीत. मालक सांगतात की नोंदणीची मुदत 2017 मध्येच संपली.

मालकांचे हे म्हणणे मला मान्य नाही. ते ज्या मुदतीविषयी बोलतात ती भविष्य निर्वाह निधी कार्यालयाची 2017 ची नोंदणी मोहीम ही मालकांना दिलेली सवलत होती. 1 एप्रिल 2009 ते 31 डिसेंबर 2016 या काळात वगळलेल्या कामगारांची नावे त्यांनी स्वतःहून जाहीर केली, तर दंड वर्षाला 1 रुपया, इतकाच. ती मुदत संपल्याने मालकांची सवलत गेली, आईचा हक्क गेला नाही. भविष्य निर्वाह निधीचा 1952 चा कायदा 20 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला आपोआप लागू होत आला आहे आणि नाव नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच असते. आई किलोवर मजुरी घेते किंवा मुकादमामार्फत कामाला लागली, या सबबीही टिकत नाहीत. घरी बसून विड्या वळणाऱ्या कामगारांनासुद्धा हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकातच मान्य केले आहे.

भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे 1952 च्या कायद्यातल्या कलम 7अ खाली (मालकाकडची थकबाकी ठरवणारे कलम) चौकशीची मागणी करणारा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. या कलमाला कालमर्यादा नव्हती. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये मात्र पाच वर्षांची मर्यादा आहे आणि मालकांचे वकील तिच्यावर बोट ठेवतील, म्हणून थकबाकी 1952 च्या कायद्याखालची आहे असे अर्जात स्पष्ट लिहा आणि एक दिवसही थांबू नका. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरते, तिथेही तक्रार मांडता येते. मागच्या वर्षांचा कामगाराचा हिस्सा आताच्या पगारातून कापून घेता येत नाही, हे आईला आधीच सांगा, कारण बायका बहुधा याच भीतीने गप्प बसतात.

खरी अडचण पुराव्याची येते. मी वीस वर्षे एका काजू कारखान्यात हिशेबनीस होतो. तिथल्या मस्टरवर निम्म्या बायकांची नावेच नव्हती. त्यांतल्या एकीने आपली पॉकेट वही जपून ठेवली होती. पानांवर चिकाचे काळे डाग, रोजच्या किलोंचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले आणि शेजारी मुकादमाची आद्याक्षरे. पुढे तिची सेवा मान्य झाली ती त्याच वहीमुळे. आईकडे अशी वही, बोनसची पावती, ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड किंवा बँकेच्या पासबुकातल्या मजुरीच्या नोंदी असतील तर आजच त्यांच्या प्रती काढा. सोबतच्या दोन-तीन बायकांनी एकत्र अर्ज दिला तर साक्षीही मिळतात.

दरम्यान सध्याची सेवा नीट मोजून पाहा. 1995 च्या पेन्शन योजनेत सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेला वर्षाचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षेही पुरतात. शिवाय हंगामी कामगाराने वर्षात केलेली प्रत्यक्ष सेवा कमी भरली तरी ते वर्ष पूर्ण धरले जाते. कारखाना पावसाळ्यात बंद राहत असेल, तर मधले महिने परस्पर वजा झाले आहेत का, हे यूएएनच्या (फंडाच्या कायम खाते क्रमांकाच्या) पासबुकात बघा.

10 वर्षांवर रक्कम मोठी नसते. सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात, म्हणजे 9,000 रुपये पगारावर महिना सुमारे 1,285 रुपये. पण ते आईला हयातभर मिळतील आणि तिच्या मागे वडिलांना कुटुंब पेन्शन मिळेल. म्हणून निकाल लागेपर्यंत पेन्शनचे पैसे काढून घेण्यासाठी फॉर्म 10सी भरू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. ती रक्कम एकदा हातात पडली की आधीची सेवा संपली असे धरले जाते.