चारचौघांत घास उतरत नाही, हे डॉक्टरांना कसं सांगायचं

पहिलीच खेप, पाचवा महिना. कुणासमोर जेवायला बसलं की सगळे आपल्या ताटाकडे नि पोटाकडे बघताहेत असं वाटतं, म्हणून दिवसभर टाळायचं, रात्री एकटीनं भरमसाट खायचं आणि मग मुद्दाम उलटी काढायची. डॉक्टरांना मात्र ‘अजून मळमळतंय’ एवढंच सांगितलंयस. मला खरी काळजी या शेवटच्या गोष्टीची वाटते.

मळमळ बहुतेक जणींची विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. तुझी थांबत नाही म्हटल्यावर डॉक्टर भलतंच कारण शोधत बसतील. गरोदरपणात मनाची चाचपणी करायला अनेक ठिकाणी १९८७ सालची एडिनबर्ग प्रश्नावली देतात. तिच्या १० प्रश्नांत चिंता आहे, झोप आहे, रडू आहे. खाण्याबद्दल एकही प्रश्न नाही. म्हणजे तू सांगितल्याशिवाय हे कुणाच्या लक्षात येणं कठीण.

आणि लोक काय म्हणतील ही धास्ती तपासणीच्या खोलीतही सोबत येतेच, तोंडातून शब्द फुटत नाही. मग बोलू नकोस, चिठ्ठी दे. ‘मी मुद्दाम उलटी काढते. बोलायला भीती वाटते. वजन करा, पण आकडा मला सांगू नका.’ एवढं पुरे. काट्यावर पाठमोरं उभं राहता येतं, आपण म्हटलं की बहुतेक ठिकाणी ऐकतात. जुलाबाच्या किंवा वजन उतरवायच्या गोळ्या घेत असशील तर तेही लिही. कुणी उडवून लावलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, इथे भीड नको.

मानसोपचाराची मदत माग. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी ही पद्धत नजरेच्या भीतीवरही चालते आणि खाण्यावरही. आधीपासून मनासाठी औषध चालू असेल तर ते परस्पर बंद करू नकोस.

रात्री ताबा सुटतो म्हणून स्वतःला कोसतेस, ते थांबव गं. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री असंच वागतं. सुरुवात सकाळच्या खाण्यापासून कर, दर तीनेक तासांनी थोडं. आधी एकटीनं खाल्लंस तरी चालेल, मग विश्वासाच्या एकाच माणसासोबत. ‘किती सुटलीस’ म्हणणाऱ्यांना ठाऊक नसतं की वाढलेल्या वजनात बाळ, वार, गर्भजल, वाढलेलं गर्भाशय आणि जवळजवळ निम्म्यानं वाढलेलं रक्त असतं. अशा माणसांना घरातल्या कुणीतरी परस्पर थांबवावं, ते तुझं काम नाही.

उलटी झालीच तर पाण्यानं चूळ भर, लगेच दात घासू नकोस. आम्लानं दातांचा वरचा थर मऊ झालेला असतो. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घेरी, छातीत धडधड, उलटीत रक्त, पाणीही न टिकणं, बाळाची हालचाल कमी वाटणं किंवा जीव द्यावासा वाटणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठ.

बाळंतपणानंतरची मानसोपचाराची भेटही आत्ताच ठरवून ठेव. गरोदरपणात सुधारलेल्या कितीतरी जणींना हा त्रास बाळ झाल्यावर पुन्हा गाठतो.