मंडई पाडून कॉम्प्लेक्स होणार, गाळा सासऱ्यांच्या नावावर, संमतीपत्रावर सही करू का?

ताई, नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की महापालिकेच्या जुन्या मंडईत सासऱ्यांच्या नावावर गाळा आहे, ते गेल्यापासून भाजीचा धंदा तुम्हीच बघताय पण पावती अजून त्यांच्याच नावाने फाटते, आता पालिकेने मंडई पाडून पीपीपीवर, म्हणजे खासगी विकासकाच्या भागीदारीत, बहुमजली कॉम्प्लेक्स बांधायचा ठराव केलाय, १५ दिवसांत गाळा खाली करा अशी नोटीस आलीय आणि एक माणूस रोज ५०० च्या स्टॅम्पवरचं संमतीपत्र घेऊन दारात येतोय. सही करू का?

आत्ता अजिबात करू नका. त्यातलं जे वाक्य तुम्ही टाईप करून पाठवलंत, "विकासक देईल ती जागा मला मान्य राहील व याउपर माझी किंवा माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही", ते परत एकदा शांतपणे वाचा. गाळ्याचा नंबर नाही, चौरस फूट नाही, मजला नाही, भाडं किती ते नाही, कधी मिळणार ते नाही. आज तुमचा ८ बाय १० चा गाळा रस्त्याला लागून आहे, उद्या दुसऱ्या मजल्यावर मागच्या कोपऱ्यात ५ बाय ६ ची जागा दाखवली तरी तुम्ही ती आधीच मान्य केलेली असेल, आणि मेथीच्या एका जुडीसाठी दोन जिने कोण चढणार?

आता कडू भाग, तो लपवून मी तुमचं भलं करणार नाही. पालिकेच्या गाळ्याला भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू नाही, स्थानिक संस्थेच्या जागा त्यातून वगळल्यात, त्यामुळे "आम्ही ४० वर्षं भाडेकरू आहोत" हा मुद्दा एकटा टिकत नाही. बहुतेक मंडयांत गाळेधारक लायसन्सवर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीवर असतो आणि लायसन्स कायद्याने आपोआप वारसाकडे जात नाही, पालिकेने नाव लावून घ्यावं लागतं. फेरीवाला कायद्याचंही तुम्ही विचारलंय, पण २०१४ चा तो कायदा रस्त्यावर, फुटपाथवर बसणाऱ्यांसाठी आहे, तुमचा पक्का गाळा त्यात बसवणं अवघड.

म्हणून पहिलं काम वारस नोंदीचं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, दीर आणि नणंदेची ना हरकत, सापडतील तेवढ्या जुन्या पावत्या, गाळ्याचं लाईट बिल, असं सगळं जोडून मालमत्ता किंवा मंडई विभागात अर्ज द्या आणि आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. थकबाकी असेल तर भरून टाका, भाडं जास्त लावलंय असं वाटलं तरी "हक्क राखून" असं लिहून भरा, कारण थकबाकी हेच गाळा काढून घ्यायचं सगळ्यात सोपं कारण असतं.

नोटीस कुठल्या कलमाखाली आहे ते बघा, सगळं त्यावर अवलंबून आहे. मुंबई सोडून बाकी महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागतो. नोटिशीत त्याचं कलम ८१बी, म्हणजे पालिकेच्या जागेतून बाहेर काढण्याचं कलम असेल तर तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते आणि आदेश झालाच तर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील आहे, पण मुदत फार छोटी असते. कलम २६४ असेल तर इमारत धोकादायक म्हणून नोटीस आहे, मग स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. इमारत खरंच पडायला आली असेल तर मात्र आत बसून राहू नका, जिवापेक्षा गाळा मोठा नाही आणि कोर्टही अशा इमारतीला सहसा स्टे देत नाही. पण बाहेर पडण्याआधी मोजमाप करून घ्या. मुंबईतल्या धोकादायक इमारतींबाबत हायकोर्टाने २०१४ मध्ये हेच सांगितलं होतं, की पाडण्याआधी प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोजून नोंदवा आणि पाडल्यामुळे राहणाऱ्याचे हक्क जात नाहीत. तोच आधार घेऊन आयुक्तांना अर्ज द्या, शेजारच्या गाळेवाल्यांनाही सोबत घ्या, गाळ्याचे फोटो आणि टेपने मोजतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

दुसरीकडे ठरावाचीच कागदपत्रं काढा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. एकात ठराव आणि त्याला जोडलेलं विषयपत्र, म्हणजे सभेपुढे ठेवलेला प्रस्ताव, दुसऱ्यात टेंडर आणि विकासकाशी झालेला करार, तिसऱ्यात पात्र गाळेधारकांची यादी आणि मंजूर नकाशा. ठराव निवडून आलेल्या सभागृहाचा आहे की प्रशासकाच्या सहीचा तेही बघा, कारण २०२२ नंतर बऱ्याच महापालिकांत वर्षानुवर्षं प्रशासकच सभागृहाच्या वतीने निर्णय घेत होते. पालिकेची जागा भाड्याने किंवा विकत देताना चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेता येत नाही, ते त्याच १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये आहे. विकास आराखड्यात ती जागा मंडईसाठी आरक्षित असेल आणि आता वापरच बदलायचा असेल तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस, महिनाभर हरकती, सुनावणी आणि राज्य सरकारची मंजुरी लागते, नुसत्या ठरावाने आरक्षण बदलत नाही.

आणि टेंडरच काढलं नसेल तर प्रकरण गंभीर आहे. लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कखाली तिथल्या महापालिकेने टेंडर न काढता एका बिल्डरला भूमिगत बाजार बांधायला दिला होता, सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली. पण हे हत्यार शेवटचं. तुम्हाला मंडई नवीन नको असं नाहीये, गळकं छप्पर आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी तुम्हीच लिहिलंय, तुम्हाला हवाय तो तुमचा गाळा.

तेव्हा मागणी ठेवा पालिका, विकासक आणि गाळेधारक अशा त्रिपक्षीय कराराची. गाळ्याचा नंबर आणि कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, तळमजला, पर्यायी जागेत पाणी आणि लाईट, ताबा किती महिन्यांत, उशीर झाला तर काय, नवीन भाडं कशावरून ठरणार, विकासक मध्येच पळाला तर जबाबदारी कुणाची. तोंडी "ताई काळजी करू नका, देतो आपण" याला शून्य किंमत आहे, असं ऐकून बाहेर पडलेली माणसं नंतर पत्र्याच्या शेडमध्येच अडकलेली मी बघितलीयेत.

वकिलाच्या फीची चिंता लिहिलीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नोटीस, शेवटच्या ५ वर्षांच्या पावत्या आणि ते सही न केलेलं संमतीपत्र घेऊन या दोन दिवसांतच जा, १५ दिवस नोटीस मिळाल्या तारखेपासून मोजले जातायत की नोटिशीवरच्या तारखेपासून ते त्यांना पहिल्यांदा दाखवा आणि नोटिशीला लेखी उत्तर मुदत संपायच्या आत जाऊ द्या.