सेरियम ओळखलं, संयुग कसं ओळखू?

प्रश्न : आमचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरण टाकून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्य ओळखणारं) पावडरीत सेरियम आहे एवढंच सांगतं. ऑक्साइड की फ्लोराइड, हे क्ष-किरणांनी कळेल का?

उत्तर : कळेल, आणि फार सुंदर कळेल; फक्त तुमच्या यंत्रावर नाही. तुमच्या डिटेक्टरला साधारण १५० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक दिसतो. संयुग बदलल्यावर सेरियमच्या क्ष-किरणांची रेषा (म्हणजे त्यांची ठरावीक ऊर्जा) सरकते त्याहून कितीतरी कमी. म्हणून सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर) किरणांची ऊर्जा ५७२३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, जिथे सेरियम ते एकदम जास्त शोषू लागतो, हळूहळू वाढवत नेतात, आणि नमुन्यातून बाहेर पडणारे किरण वक्र स्फटिकाने निवडून मोजतात. ट्रायफ्लोराइडचा आलेख एकच उंच सुळका दाखवतो, डायऑक्साइडचा दोन. तो दुसरा सुळका ठिपक्याठिपक्याने चढताना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. हातातला चहा गार झाला तरी नजर हटेना.

पावडर स्फटिकी असेल तर मात्र आधी जवळच्याच एखाद्या प्रयोगशाळेत एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणारी चाचणी) करून घ्या. बहुतेकदा तेवढ्यावरच भागतं.