प्राचीन चीनने गणितात नेमकं काय दिलं? ऋण संख्या आणि शून्य त्यांचे की आपले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कागद, बंदुकीची दारू, होकायंत्र ही नेहमीची यादी सोडली तर प्राचीन चीनने गणित-विज्ञानात मूलभूत काही दिलं का? आणि ऋण संख्या व शून्य यांचं श्रेय त्यांना द्यायचं की भारताला?

दिलं, आणि भरपूर दिलं. माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे आकडेमोडीच्या पायरीपायरीने चालणाऱ्या रीती. त्या कागदावर नाही, तर पाटावर मांडलेल्या काड्यांवर जन्मल्या. हे लक्षात घेतलं की त्यांना ऋण संख्या का सुचली आणि शून्याचं चिन्ह का लागलं नाही, हेही उलगडतं.

आधी काड्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीच्या इतिहासात त्यांचं माप दिलं आहे: बांबूच्या, ६ त्सुन लांब, एक दशांश त्सुन जाड, आणि २७१ काड्यांची एक षट्कोनी जुडी. त्या काळचा त्सुन साधारण २.३ सेंटीमीटरचा, म्हणजे काडी जवळपास १४ सेंटीमीटरची. १ ते ५ साठी तितक्याच काड्या. ६ ते ९ साठी पाचाची एक काडी आडवी वर आणि बाकीच्या तिच्याखाली उभ्या. एकक, शतक, दशसहस्र या स्थानांवर काड्या उभ्या; दशक आणि सहस्र या स्थानांवर आडव्या, आणि तिथे पाचाची काडी उभी. शेजारच्या दोन स्थानांच्या काड्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून ही अदलाबदल. जिथे काही नाही ती जागा रिकामी.

यात चूक कुठे होते तेही पाहा. ३७ आणि ३०७ यांत गोंधळ होत नाही, कारण एकात ३ आडवा आणि दुसऱ्यात उभा. पण ३७ आणि ३००७ यांत दोन्हीकडे ३ आडवा आणि ७ उभा. फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेचा. आखलेल्या पाटावर अडचण नाही, पण लिहून काढताना घोटाळा ठरलेला.

आता मुख्य गोष्ट. ‘जिउझांग सुआनशू’ हा नऊ प्रकरणांचा, २४६ उदाहरणांचा ग्रंथ हान काळात आजच्या रूपात आला. इसवी सन २६३ मध्ये लिऊ हुई या गणितीने त्यावर भाष्य लिहिलं, आणि त्या भाष्यामुळेच ग्रंथ गणित म्हणून उभा राहतो, कारण मूळ ग्रंथ फक्त उदाहरण, उत्तर आणि रीत देतो. रीत बरोबर का, ते सांगत नाही. आठव्या प्रकरणातलं पहिलं उदाहरण: उत्तम पिकाच्या ३ पेंढ्या, मध्यम २ आणि कनिष्ठ १ मिळून ३९ मापं धान्य देतात. २, ३, १ पेंढ्या ३४ मापं देतात. १, २, ३ पेंढ्या २६ मापं देतात. प्रत्येक जातीच्या एका पेंढीत धान्य किती?

पाटावर मांडणी उजवीकडून डावीकडे, एकेका अटीचा एक उभा स्तंभ:

डावा – मधला – उजवा
उत्तम: १ – २ – ३
मध्यम: २ – ३ – २
कनिष्ठ: ३ – १ – १
धान्य: २६ – ३४ – ३९

पहिली पायरी: उजव्या स्तंभाच्या वरच्या ३ ने मधला पूर्ण स्तंभ गुणा. ६, ९, ३, १०२. त्यातून उजवा स्तंभ वजा करत राहा, वरचा आकडा संपेपर्यंत. दोनदा वजा केल्यावर ०, ५, १, २४ उरतात.

दुसरी: डावा स्तंभही ३ ने गुणा. ३, ६, ९, ७८. उजवा एकदा वजा केला की ०, ४, ८, ३९.

तिसरी: आता मधल्या स्तंभातल्या ५ ने डावा गुणा. ०, २०, ४०, १९५. मधला चारदा वजा करा. उरतं ०, ०, ३६, ९९.

कनिष्ठ पेंढी म्हणजे ९९ भागिले ३६, म्हणजे २ पूर्णांक ३/४ माप. पण ग्रंथ इथे लगेच भागाकार करत नाही, आणि मला ही जागा फार आवडते. ३६ हा सगळ्यांचा सामाईक छेद म्हणून बाजूला ठेवला जातो. मधल्या स्तंभात २४ × ३६ − ९९ = ७६५, त्याला ५ ने भागून १५३. उजव्यात ३९ × ३६ − ९९ − २ × १५३ = ९९९, त्याला ३ ने भागून ३३३. शेवटी तिन्ही अंश ३६ ने भागायचे: ३३३/३६ = ९ १/४, १५३/३६ = ४ १/४, ९९/३६ = २ ३/४. भागाकार शेवटपर्यंत लांबवायचं कारण व्यावहारिक आहे: अपूर्णांक आला की पाटाच्या एका घरात दोन संख्या मांडाव्या लागतात आणि स्तंभ वजा करणं अवघड होतं. काड्या वाचवायच्या असतील तर ३६ आणि ९९ ला ९ ने छेदून ४ आणि ११ ठेवा; उत्तर तेच येतं.

आज कॉलेजात हीच रीत जर्मन गणिती गाउसच्या नावाने शिकवतात. गाउसने ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला लघुग्रहांच्या कक्षांच्या गणितात वापरली. पण म्हणून ‘चीनने मॅट्रिक्स शोधलं’ असं म्हणू नका. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची सारणी; ती स्वतंत्र वस्तू मानून तिचा गुणाकार वगैरे करणं त्यांच्याकडे नव्हतं. त्यांच्याकडे निरसनाची (एकेक अज्ञात संख्या काढून टाकत जाण्याची) रीत होती, आणि ती पूर्ण होती.

ऋण संख्या इथूनच येतात. स्तंभातून स्तंभ वजा करताना कधीतरी लहान आकड्यातून मोठा वजा करावा लागणारच. आठवं उदाहरण तर सुरुवातीपासूनच तसं आहे: २ गायी, ५ मेंढ्या विकून १३ डुकरं घेतली तर १००० नाणी उरतात, ३ गायी, ३ डुकरं विकून ९ मेंढ्या घेतल्या तर हिशोब बरोबर मिटतो, ६ मेंढ्या, ८ डुकरं विकून ५ गायी घेतल्या तर ६०० नाणी कमी पडतात. विकलं ते धन, घेतलं ते ऋण. उत्तर: गाय १२००, मेंढी ५००, डुक्कर ३००. लिऊ हुई सांगतो की धन संख्येला लाल काड्या आणि ऋण संख्येला काळ्या, म्हणजे आपल्या हिशोबवहीतल्या सवयीच्या बरोबर उलट. रंग नसतील तर तिरकी काडी ऋण समजावी. वजाबाकीचा नियम ग्रंथातच आहे: चिन्हं सारखी असतील तर वजा करा, वेगळी असतील तर मिळवा, रिकाम्या जागेतून धन काढलं तर ऋण होतं आणि ऋण काढलं तर धन.

मात्र मर्यादा स्पष्ट आहे. ऋण आकडे मांडणीत आणि मधल्या पायऱ्यांत येतात, उत्तरं धनच राहतात. ऋण गुणिले ऋण बरोबर धन हा नियम चीनमध्ये स्वच्छ शब्दांत सापडतो तो झू शिजिए या गणितीच्या १२९९ च्या ग्रंथात. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच धन, ऋण आणि शून्य या तिन्हींच्या बेरीज-वजाबाकीचे आणि गुणाकार-भागाकाराचे नियम एकत्र दिले होते. तेव्हा वापर आधी चीनमध्ये, आणि संख्या म्हणून संपूर्ण नियम आधी भारतात; दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

निरसन कुठे अडतं तेही ग्रंथात आहे. तेराव्या उदाहरणात पाच घरांची एक सामाईक विहीर आहे. पहिल्या घराचे २ दोर आणि दुसऱ्याचा १ जोडला की पाण्यापर्यंत पोचतात. दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचा १. तिसऱ्याचे ४ आणि चौथ्याचा १. चौथ्याचे ५ आणि पाचव्याचा १. पाचव्याचे ६ आणि पहिल्याचा १. अज्ञात सहा (पाच दोर आणि खोली), अटी पाच. ग्रंथाचं उत्तर: खोली ७२१ त्सुन, दोर २६५, १९१, १४८, १२९, ७६. पडताळून पाहा, पाचही अटी बसतात. पण सगळे आकडे दुप्पट केले तरी बसतात. लिऊ हुईने हे नेमकं ओळखलं आणि लिहिलं की हे आकडे फक्त प्रमाण सांगतात. समीकरणं कमी पडली की एकच उत्तर राहत नाही, याची ही फार जुनी आणि स्पष्ट नोंद आहे.

वर्तुळाकडे वळू. तिथे प्रश्न धान्य मोजायच्या गोल मापाचा होता. सम्राट वांग मांगच्या राजवटीत, इसवी सन ९ मध्ये, काशाचं प्रमाणमाप ओतलं गेलं; ते आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्याच्या मापांवरून पायची (π, म्हणजे परिघ भागिले व्यास) किंमत सुमारे ३.१५४७ निघते. व्यवहारात मात्र ३ धरत. लिऊ हुईचा आक्षेप एका वाक्याचा होता: परिघ व्यासाच्या तिप्पट हे आतल्या षट्कोनाला लागू आहे, वर्तुळाला नाही.

त्याची रीत अशी. त्रिज्या १० त्सुन घ्या. षट्कोनाची बाजू १०, अर्धी ५. १०० − २५ = ७५ चं वर्गमूळ ८.६६०२५४. ते १० मधून वजा केलं की कंसाची उंची (बाजूच्या मध्यापासून वर्तुळापर्यंतचं अंतर) १.३३९७४६. अर्ध्या बाजूचा आणि या उंचीचा वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं की बारा बाजूंच्या आकृतीची बाजू: ५.१७६३८. हेच पुढे २४, ४८, ९६. प्रत्येक फेरीत दोन वर्गमुळं, काड्यांनी. १९२ बाजूंच्या आकृतीचं क्षेत्रफळ ३१४ पूर्णांक ६४/६२५ आलं. ९६ च्या तुलनेत वाढ १०५/६२५ होती; तेवढीच पुन्हा मिळवली तर आकृती वर्तुळाबाहेर जाते, म्हणून वरची मर्यादा ३१४ पूर्णांक १६९/६२५. म्हणजे पाय ३.१४१०२४ आणि ३.१४२७०४ यांच्या दरम्यान. बाहेरचा बहुभुज न काढता दोन्ही मर्यादा मिळवणं ही खरी चतुराई.

हे स्वतः करून पाहणार असाल तर एक सावधगिरी: बाजू वाढतात तसं वर्गमूळ १० च्या इतकं जवळ जातं की वजाबाकीत पुढचे सगळे अंक उडतात. ९६ बाजूंना कंसाची उंची फक्त ०.००५३५ च्या आसपास असते. सुरुवातीला सहा अंक घेतले असतील तर इथे तीनच उरतात. त्यामुळे अंक जास्त घेऊनच सुरुवात करायची. पुढे त्सू चोंगझी या गणितीने (४२९–५००) पाय ३.१४१५९२६ आणि ३.१४१५९२७ यांच्यात बसवला आणि ३५५/११३ हा अपूर्णांक दिला. त्याचा ग्रंथ हरवला आहे, पण लिऊ हुईच्या रीतीनेच गेलं तर खालची मर्यादा गाठायला २४५७६ बाजू लागतात. आर्यभटाचं ६२८३२/२०००० म्हणजे ३.१४१६ हे त्याच शतकाच्या शेवटचं, ४९९ चं.

शेषांचा प्रश्न बहुतेकांना माहीत असतो: ३ ने भागून बाकी २, ५ ने ३, ७ ने २. तो ‘सुन्झी सुआनजिंग’ या गणितग्रंथातला, तिसऱ्या ते पाचव्या शतकातला (युद्धशास्त्र लिहिणारा सुन त्झू वेगळा). रीत: २ × ७० + ३ × २१ + २ × १५ = २३३, त्यातून १०५ दोनदा वजा, उत्तर २३. ही रीत भाजक एकमेकांशी मूळ असतील, म्हणजे त्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसेल, तरच चालते. ४ आणि ६ सारखे भाजक आले की कोलमडते. छिन जिउशाओ या गणितीने १२४७ मध्ये तशा भाजकांचाही रस्ता काढला. आर्यभटाचा कुट्टक अशाच शेषांच्या प्रश्नाला वेगळ्या वाटेने भिडतो, आणि दोन्हीकडे गरज पंचांगाची होती.

विज्ञानात मी यंत्रांपेक्षा नोंदींना वरचं स्थान देतो. १०५४ चा ‘पाहुणा तारा’ २३ दिवस दिवसाढवळ्या दिसल्याची नोंद आहे. त्याचा अवशेष म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ. शेन कुओ या विद्वानाने १०८८ च्या सुमारास लिहून ठेवलं की चुंबकसुई ठीक दक्षिणेला न राहता किंचित पूर्वेकडे झुकते. झांग हेंगचं १३२ सालचं भूकंपसूचक यंत्र प्रसिद्ध आहे, पण आतली रचना तपशिलात नोंदलेली नाही. संग्रहालयांतल्या प्रतिकृती आधुनिक अंदाज आहेत.

पाटाची उणी बाजूही मोठी होती. पुढची पायरी मांडताना मागची मोडते, त्यामुळे चूक झाली तर सगळं पुन्हा. झू शिजिएने १३०३ मध्ये चार अज्ञातांपर्यंतची समीकरणं सोडवली, मध्ये स्थिर संख्या आणि चार दिशांना चार अज्ञातांचे घात मांडून. पाचव्याला पाटावर दिशाच उरत नव्हती.

राहिला शून्याचा प्रश्न. रिकामं घर शून्याचं काम करत होतं, म्हणून चिन्हाची निकड भासली नाही. चीनच्या तांग राजवटीच्या दरबारात खगोलखात्याचा प्रमुख गौतम सिद्ध हा भारतीय वंशाच्या घराण्यातला होता. ७१८ मध्ये त्याने नवग्रह पंचांगाचं चिनी भाषांतर केलं. त्यात नऊ अंकांची भारतीय पद्धत आहे, शून्यासाठी टिंब वापरायची सूचना आहे आणि ज्या-सारणी (कोनांच्या साइन किमतींचा तक्ता) हीही आहे. काड्या वापरणाऱ्यांनी ते अंक घेतले नाहीत. गोल शून्य चिनी गणिताच्या ग्रंथात ठसठशीतपणे दिसतं ते पाच शतकांनी, छिन जिउशाओच्या त्याच १२४७ च्या ग्रंथात.