स्क्विड म्हणतो, ‘परमिशन डिनाइड’

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात उबुंटूवर स्क्विड (वेबची पानं साठवून पुन्हा देणारा प्रॉक्सी सर्व्हर) आहे. त्याची कॅश, म्हणजे साठवलेल्या पानांचा फोल्डर, नव्या डिस्कवर हलवली, तेव्हापासून तो सुरूच होत नाही. लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतं. ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन टाकू का?

उत्तर : ७७७ नको; मग मशीनवरचा कुणीही कॅशमध्ये ढवळाढवळ करील. स्क्विड रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर) म्हणून उठतो, पण कॅशला हात लावताना ‘प्रॉक्सी’ या युजरवर उतरतो. (रेड हॅटवर त्याचं नाव ‘स्क्विड’.) नवी डिस्क मात्र रूटच्या मालकीची असते. आधी डिस्क माउंट करा (कॅशच्या फोल्डरवर जोडा), मगच चोन (chown, मालकी बदलणारी) कमांडने फोल्डरचा युजर आणि ग्रुप दोन्ही ‘प्रॉक्सी’ करा, परवानगी ७५० (मालकाला सगळं, ग्रुपला फक्त वाचणं आणि आत शिरणं, बाकीच्यांना काहीच नाही). क्रम उलटला तर मालकी खालच्या रिकाम्या फोल्डरची बदलते आणि माउंट होताच रूट परत हजर! मग सर्व्हिस बंद ठेवून ‘स्क्विड -झेड’ (squid -z) चालवा, म्हणजे आतले फोल्डर तयार होतील.

तरीही अडलं तर कॅशच्या वरच्या प्रत्येक फोल्डरला ‘प्रॉक्सी’साठी एक्स (आत शिरण्याची) परवानगी आहे का पाहा, बहुतेक वेळा घोडं तिथंच अडतं. पासवर्डची फाइल असेल तर ती रूटच्या मालकीची, ग्रुप ‘प्रॉक्सी’, परवानगी ६४० (मालक वाचतो-लिहितो, ग्रुप फक्त वाचतो).